पॅकार्ड मोटार कार कंपनी : नवनिर्मिती, प्रतिष्ठा आणि अस्त (१८९९ ते १९५८)

प्रस्तावना

मोटारगाडीच्या इतिहासाचा विचार करताना हेन्री फोर्ड यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. १९०८ साली बाजारात आलेली 'मॉडेल टी', १९१३ पासून हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर होऊ लागलेली गाड्यांची जुळणी आणि १९१४ साली जाहीर झालेली पाच डॉलरांची रोजंदारी या तीन घटनांनी औद्योगिक जगाचा चेहरामोहरा बदलला, ही बाब वाणिज्य व अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सर्वपरिचित झाली आहे. तथापि त्याच काळात, त्याच डेट्रॉइट परिसरात, अगदी विरुद्ध दिशेने विचार करणारी एक कंपनी उभी राहिली. कमीत कमी किमतीत जास्तीत जास्त गाड्या विकण्यापेक्षा उत्तमोत्तम गाडी बनवून तिची योग्य किंमत घेणे हे तिचे सूत्र होते. ती कंपनी म्हणजे पॅकार्ड मोटार कार कंपनी होय.

विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत पॅकार्ड हे नाव अमेरिकेत वैभवाचा समानार्थी शब्द बनले होते. राष्ट्राध्यक्ष, उद्योगपती, चित्रपट कलावंत आणि परदेशांतील राजघराणी हा तिचा ग्राहकवर्ग होता. असे असूनही १९५८ साली हे नाव बाजारातून कायमचे नाहीसे झाले. तंत्रज्ञानात सातत्याने आघाडीवर असलेली संस्था का टिकू शकली नाही, हा प्रश्न उद्योगाच्या इतिहासाच्या अभ्यासकांसमोर त्यामुळे उभा राहतो. या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, मंदीच्या काळात पॅकार्डने स्वस्त गाडी काढली आणि आपल्या नावाचे मोल स्वतःच घालवले. हे उत्तर कितपत पुरेसे आहे याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) पॅकार्ड कंपनीच्या स्थापनेचा व विकासाचा आढावा घेणे.
२) कंपनीने मोटार-अभियांत्रिकीत घातलेल्या प्रमुख भरीचे स्वरूप समजून घेणे.
३) कंपनीच्या अस्ताची कारणे तपासणे व त्यांतून नवनिर्मिती आणि उत्पादनाचे प्रमाण यांच्यातील संबंध स्पष्ट करणे.

स्थापना : वॉरन ते डेट्रॉइट

जेम्स वॉर्ड पॅकार्ड (१८६३ ते १९२८) यांचा जन्म ओहायो राज्यातील वॉरन या गावी झाला. लीहाय विद्यापीठातून १८८४ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर त्यांनी वडीलबंधू विल्यम डाउड पॅकार्ड यांच्या साहाय्याने १८९० साली पॅकार्ड इलेक्ट्रिक कंपनी स्थापन केली. विजेचे दिवे तयार करणे हा या कंपनीचा मूळ व्यवसाय होता. म्हणजेच मोटारीकडे वळण्यापूर्वी पॅकार्ड बंधू यशस्वी कारखानदार होते आणि विद्युत यंत्रणेचे त्यांना सखोल ज्ञान होते. पुढील काळातील त्यांच्या कामाची बैठक या पार्श्वभूमीत आढळते.

१८९८ साली जेम्स पॅकार्ड यांनी क्लीव्हलँड येथील अलेक्झांडर विंटन यांच्या कारखान्यातून एक मोटारगाडी विकत घेतली. ती वारंवार बिघडू लागली. पॅकार्ड यांनी तिच्यातील दोष आणि त्यांवरचे उपाय विंटन यांना सांगितले, तेव्हा 'एवढे कळत असेल तर स्वतःच गाडी बनवा' अशा आशयाचे उत्तर मिळाले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेतील नेमक्या शब्दांबाबत आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु पॅकार्ड यांनी विंटन यांच्या कंपनीतील एक भागधारक जॉर्ज वाइस आणि कार्यशाळेचे प्रमुख विल्यम हॅचर या दोघांना आपल्याकडे आणले, ही वस्तुस्थिती आहे. ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड गाडी वॉरनच्या रस्त्यावर धावली. एका सिलिंडरच्या या गाडीत इंजिनाच्या वेगानुसार ठिणगीची वेळ आपोआप पुढेमागे करणारी योजना होती. त्या काळातील बहुतेक गाड्यांत हे काम चालकाला हाताने करावे लागे. दिव्यांच्या कारखानदाराने गाडीतही प्रथम विजेच्याच प्रश्नाला हात घातला, हे लक्षणीय आहे.

१९०० साली या व्यवसायासाठी ओहायो ऑटोमोबाइल कंपनी स्थापन झाली. ऑक्टोबर १९०२ मध्ये तिचे नाव पॅकार्ड मोटार कार कंपनी असे करण्यात आले. याच सुमारास डेट्रॉइटचे धनिक हेन्री बोर्न जॉय यांनी पॅकार्ड गाडी पाहिली आणि तिची बनावट त्यांच्या मनात भरली. जॉय हे रेल्वे व्यवसायातील एका प्रतिष्ठित घराण्यातील होते. त्यांनी स्वतः भांडवल गुंतवले आणि डेट्रॉइटमधील आपल्या स्नेह्यांनाही त्यासाठी प्रवृत्त केले. परिणामी १९०३ साली कंपनी डेट्रॉइटला हलली. जेम्स पॅकार्ड १९०९ पर्यंत अध्यक्ष राहिले, परंतु त्यांचे वास्तव्य वॉरनमध्येच होते. प्रत्यक्ष कारभाराची सूत्रे जॉय यांच्या हाती गेली. पॅकार्डच्या इतिहासातील पहिला महत्त्वाचा टप्पा येथे पूर्ण झाला. अभियंत्याच्या कल्पनेला भांडवलाची जोड मिळाली.

किमतीचे धोरण याच काळात निश्चित झाले. ओल्ड्समोबिल कंपनीची लोकप्रिय छोटी गाडी त्या वेळी ६५० डॉलरला मिळत असे. पॅकार्डच्या गाड्यांची किंमत मात्र सुमारे २,६०० डॉलरपासून पुढे सुरू होई. ही किंमत मोजणाऱ्या ग्राहकाला जाहिरातीतून कंपनी एकच सांगे : 'ज्याच्याकडे ती आहे, त्यालाच विचारा.' विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आलेले हे घोषवाक्य पुढे अर्धशतकभर वापरले गेले. आपल्या मालाची साक्ष आपण न देता ग्राहकाने द्यावी, हा त्यामागील विचार होता. असे आवाहन करणारी कंपनी एका निकृष्ट वर्षाचाही धोका पत्करू शकत नाही. पुढे १९५५ साली नेमके हेच घडले.

गाडीच्या टिकाऊपणाचा पुरावा लोकांसमोर ठेवण्याचे साधन म्हणजे लांब पल्ल्याचा प्रवास होता. टॉम फेच आणि मारियस क्रारप यांनी 'ओल्ड पॅसिफिक' नावाची एका सिलिंडरची पॅकार्ड २० जून १९०३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून काढली आणि ती ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला पोहोचवली. या प्रवासाला सुमारे ६१ दिवस लागले. रस्ते नसलेल्या वाळवंटांतून आणि पर्वतांतून हा मार्ग जात होता. गंमत अशी की, अमेरिका मोटारीने ओलांडण्याचा पहिला मान त्याच वर्षी जुलैमध्ये होरेशिओ नेल्सन जॅक्सन यांच्या गाडीला मिळाला होता आणि ती गाडी विंटन कंपनीची होती. पॅकार्डला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, मात्र तिचा प्रवास थोड्या कमी दिवसांत झाला.

कारखान्याची वास्तू

डेट्रॉइटच्या ईस्ट ग्रँड बुलेव्हार्ड येथील पॅकार्डचा कारखाना हा स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरला. त्याचे काम वास्तुविशारद आल्बर्ट कान यांच्याकडे होते. पहिल्या नऊ इमारती प्रचलित पद्धतीच्या होत्या. १९०५ साली बांधलेली दहावी इमारत मात्र आर.सी.सी. पद्धतीची, म्हणजे लोखंडी गज घालून मजबूत केलेल्या काँक्रीटची होती. आल्बर्ट यांचे बंधू ज्युलियस कान यांनी यासाठी विशिष्ट प्रकारचा गज विकसित केला होता.

या बदलाचे महत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या गिरण्यांत आणि कारखान्यांत जाड विटांच्या भिंती व लाकडी तुळया असत. खांब जवळजवळ असल्याने यंत्रे मांडण्यास अडचण होई, खिडक्या लहान असल्याने उजेड कमी पडे आणि तेलाने भिजलेल्या लाकडाला आग लागण्याची भीती कायम असे. काँक्रीटच्या सांगाड्यामुळे खांबांमधील अंतर वाढले, भिंतींवरचा भार कमी झाल्याने त्यांच्या जागी मोठ्या काचा बसवता आल्या आणि आगीचा धोकाही घटला. कान यांनी पुढे फोर्ड यांच्यासाठी हायलँड पार्कचा कारखाना उभारला. विपुल उत्पादनाला ज्या वास्तूने आश्रय दिला, तिची पूर्वतयारी अशा रीतीने मोजक्या व महागड्या गाड्या बनवणाऱ्या कारखान्यात झाली होती. पॅकार्डचा हा परिसर वाढत वाढत सुमारे ३५ लाख चौरस फूट बांधकामापर्यंत पोहोचला.

अभियांत्रिकीतील योगदान

पॅकार्डच्या नवनिर्मितीचे एक वैशिष्ट्य असे की, तिच्यातील बऱ्याच गोष्टी पुढे इतक्या सर्वसामान्य झाल्या की त्यांचा उगम कोणाच्या लक्षात राहिला नाही. सुरुवातीच्या मोटारी नावेप्रमाणे दांड्याने वळवल्या जात. पॅकार्डने १९०१ च्या सुमारास त्याऐवजी गोल चाक स्वीकारले आणि अमेरिकेत त्याचा प्रसार करणाऱ्या पहिल्या कंपन्यांत ती गणली जाते. गिअरचा दांडा इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या खाचेतून फिरवण्याची तिची रचना जगभरातील चालकांच्या सवयीचा भाग बनली. १९०४ च्या चार सिलिंडरच्या 'मॉडेल एल' गाडीवर बैलाच्या जुवासारखी वळणे असलेला रेडिएटर बसवण्यात आला. पुढील अनेक दशके हीच पॅकार्डची ओळख राहिली.

१९१० साली आल्व्हन मकॉली व्यवस्थापनात आले आणि १९१६ पासून १९३९ पर्यंत ते अध्यक्ष होते. त्यांच्यासोबत काम करणारे मुख्य अभियंता जेसी व्हिन्सेंट यांनी १९१५ साली 'ट्विन सिक्स' हे बारा सिलिंडरचे इंजिन सादर केले. मालिका-उत्पादनातील बारा सिलिंडरची ही पहिली गाडी मानली जाते. प्रत्येकी सहा सिलिंडरच्या दोन ओळी ६० अंशांच्या कोनात बसवलेल्या या इंजिनाचे आकारमान ४२४ घन इंच होते. सिलिंडरची संख्या वाढली की शक्तीचे ठोके एकमेकांच्या अधिक जवळ येतात, धक्के कमी होतात आणि गाडी संथ व एकसंध गतीने धावते. वारंवार गिअर न बदलता चालण्याच्या वेगापासून भरधाव वेगापर्यंत जाणारी गाडी त्या काळातील ग्राहकाला चमत्कारासारखी वाटली असल्यास नवल नाही. १९२३ पर्यंत अशा ३५ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ४ मार्च १९२१ रोजी राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग शपथविधीसाठी पॅकार्ड ट्विन सिक्समधून गेले. शपथविधीला मोटारीने जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष ठरले.

या अनुभवाचा उपयोग पहिल्या महायुद्धात झाला. अमेरिका युद्धात उतरल्यावर मे १९१७ च्या अखेरीस व्हिन्सेंट आणि हॉल-स्कॉट कंपनीचे एल्बर्ट हॉल यांना वॉशिंग्टनच्या विलार्ड हॉटेलात एकत्र बसवण्यात आले. अवघ्या काही दिवसांत त्यांनी 'लिबर्टी' या विमान-इंजिनाचे मूळ आराखडे तयार केले. वेगवेगळ्या कारखान्यांत एकाच नमुन्याचे भाग बनावेत आणि ते परस्परांना बसावेत, ही या रचनेमागील प्रमुख कल्पना होती. लिबर्टी इंजिनांपैकी ६,५०० च्या आसपास इंजिने एकट्या पॅकार्डने बनवली.

१९२३ साली एका ओळीत आठ सिलिंडर असलेली 'सिंगल एट' गाडी चारही चाकांच्या ब्रेकसह आली. १९२६ साली पॅकार्डने मागील आसासाठी हायपॉइड दंतचक्रे वापरली. या रचनेत इंजिनाकडून येणारा दांडा मागील आसाच्या मध्यरेषेच्या खाली जोडला जातो. त्यामुळे दांडा खाली उतरतो, गाडीचा तळ खाली आणता येतो आणि गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ येऊन गाडी वळणावर अधिक स्थिर राहते. आज साधी वाटणारी ही योजना ठेंगण्या व डौलदार मोटारींची पूर्वअट होती. १९२८ साली डेट्रॉइटजवळील युटिका येथे अडीच मैलांच्या लंबवर्तुळाकार मार्गासह स्वतंत्र चाचणी केंद्र सुरू झाले. याच कंपनीत लायोनेल वूलसन यांनी विकसित केलेल्या डिझेल विमान-इंजिनाला कॉलियर पारितोषिक मिळाले.

१९३९ च्या नोव्हेंबरमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पॅकार्डने वातानुकूलित गाडी मांडली. कारखान्यातच वातानुकूलन बसवून देणारी ती पहिली मोटार कंपनी होय. त्यासाठी २७४ डॉलर जादा मोजावे लागत. थंडाव्याची यंत्रणा मागील सामानाच्या कप्प्यात असल्याने तेथील बरीच जागा व्यापली जाई. शिवाय दाबयंत्र बंद करण्याची सोय नव्हती. थंडीच्या दिवसांत इंजिन थांबवून, झाकण उघडून त्याचा पट्टा काढून ठेवावा लागे. दोन-तीन वर्षांतच ही सोय बंद झाली. पॅकार्डच्या नवनिर्मितीची एक मर्यादा या उदाहरणातून दिसते. कल्पना प्रथम सुचणे आणि ती विपुल व स्वस्त प्रमाणात ग्राहकापर्यंत पोहोचवणे या दोन भिन्न क्षमता आहेत. दुसऱ्या क्षमतेसाठी लागणारे आकारमान पॅकार्डकडे नव्हते.

महामंदी आणि 'वन-ट्वेंटी'

१९२० च्या दशकाच्या अखेरीस पॅकार्डचे वार्षिक उत्पादन ५० हजारांच्या घरात होते. महागड्या गाड्यांच्या बाजारात कॅडिलॅकसह इतर सर्व स्पर्धक तिच्या मागे होते. १९२९ च्या आर्थिक कोसळणीनंतर हे चित्र पालटले. १९३४ पर्यंत पॅकार्डचे उत्पादन दहा हजारांच्याही खाली घसरले. पीअरलेस, मार्मन, पीअर्स-ॲरो, ड्युसेनबर्ग ही वैभवशाली नावे याच दशकात एकामागून एक नामशेष झाली. केवळ श्रीमंतांसाठी गाड्या बनवणारी स्वतंत्र कंपनी टिकणार नाही, हे स्पष्ट झाले होते.

पॅकार्डने यावर जो मार्ग काढला तो धाडसी होता. जनरल मोटर्समधील विपुल उत्पादनाचा अनुभव असलेल्या जॉर्ज ख्रिस्टोफर यांच्यासारख्या व्यक्ती आणण्यात आल्या. कारखान्याचा मोठा भाग नव्याने सजवण्यात आला आणि जानेवारी १९३५ मध्ये 'वन-ट्वेंटी' ही गाडी सुमारे एक हजार डॉलरच्या किमतीत बाजारात आली. तिची पुढची चाके स्वतंत्रपणे वरखाली होत आणि ब्रेक द्रवचलित होते. पॅकार्डच्याच महागड्या गाड्यांना या दोन्ही सोयी तिच्यानंतर मिळाल्या. गाडीने पहिल्याच वर्षी उत्तम विक्री केली. १९३७ साली सहा सिलिंडरची आणखी स्वस्त गाडी आल्यावर कंपनीचे वार्षिक उत्पादन प्रथमच एक लाखावर गेले.

कंपनी वाचली, परंतु येथूनच वादाला प्रारंभ होतो. जनरल मोटर्सने कॅडिलॅकखालील किमतीसाठी १९२७ पासून 'लासाल' हे वेगळे नाव वापरले होते. फोर्डच्या लिंकन विभागाने १९३६ साठी 'झेफिर' हे नाव पुढे आणले. पॅकार्डने मात्र स्वस्त गाडीलाही आपलेच नाव आणि आपलाच रेडिएटर दिला. एक हजार डॉलरमध्ये पॅकार्ड मिळू लागल्यावर पाच हजार डॉलर कोण देईल, असा आक्षेप अनेक अभ्यासक घेतात.

या आक्षेपात तथ्य असले तरी तो पूर्णतः मान्य करता येत नाही. पहिली गोष्ट अशी की, कॅडिलॅकनेही १९३६ साली 'सीरिज ६०' ही आपल्या परंपरेच्या मानाने बरीच स्वस्त गाडी कॅडिलॅक याच नावाने काढली आणि १९४० नंतर लासाल हे नाव बंद केले. म्हणजे खाली उतरणे हा दोष असेल तर तो दोघांचाही होता. दुसरी गोष्ट अशी की, कॅडिलॅकची अवस्थाही १९३० च्या दशकाच्या आरंभी बिकट होती. तिला तारून नेणारी मूळ कंपनी पाठीशी होती आणि भाग, यंत्रे, विक्रीव्यवस्था यांचा खर्च शेव्हरोलेपासून ब्यूइकपर्यंत विभागला जात होता. पॅकार्डला हा भार एकटीने उचलायचा होता. वन-ट्वेंटी नसती तर पॅकार्डचा शेवट १९३० च्या दशकातच, पीअर्स-ॲरोच्या पाठोपाठ झाला असता, असे मानण्यास जागा आहे.

युद्धकाळ : उत्पादन आणि कामगार

सप्टेंबर १९४० मध्ये पॅकार्डने रोल्स-रॉइस कंपनीच्या 'मर्लिन' विमान-इंजिनाच्या निर्मितीचा करार केला. हेन्री फोर्ड यांनी ब्रिटनसाठी हे काम करण्यास नकार दिला होता. ब्रिटिश कारागिरांच्या हातकौशल्यावर आधारलेली रचना अमेरिकी यंत्रांवर तयार होण्यासाठी आराखडे नव्याने काढावे लागले. ऑगस्ट १९४१ मध्ये पहिली इंजिने सुरू झाली आणि युद्ध संपेपर्यंत पॅकार्डने ५५,५२३ मर्लिन इंजिने तयार केली. मस्टँग लढाऊ विमानांना आणि कित्येक लँकेस्टर बॉम्बफेकी विमानांना त्यांनी शक्ती पुरवली. अमेरिकी नौदलाच्या वेगवान पीटी नौकांसाठीही पॅकार्ड इंजिने वापरली गेली.

या उज्ज्वल कामगिरीला दुसरी बाजूही होती. जून १९४३ मध्ये तीन कृष्णवर्णीय कामगारांना बढती मिळाल्याच्या निषेधार्थ सुमारे २५ हजार गौरवर्णीय कामगारांनी पॅकार्डमध्ये काम बंद पाडले. त्यानंतर काही दिवसांतच डेट्रॉइटमध्ये भीषण वांशिक दंगल उसळली आणि तीत ३४ जणांचा बळी गेला. लोकशाहीच्या रक्षणासाठी इंजिने बनवणाऱ्या कारखान्याच्या आत समतेचा प्रश्न किती तीव्र होता, हे यावरून दिसते.

कामगार कायद्याच्या अभ्यासातही पॅकार्डचे नाव कायम राहिले आहे. कंपनीतील सुमारे १,१०० फोरमन व तत्सम पर्यवेक्षकांनी संघटनेचा हक्क मागितला. पर्यवेक्षक हे व्यवस्थापनाचे घटक आहेत, असा कंपनीचा दावा होता. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मताच्या फरकाने फोरमनच्या बाजूने निकाल दिला. मात्र त्याच वर्षी संसदेने टाफ्ट-हार्टली कायदा करून पर्यवेक्षकांना या संरक्षणातून वगळले. न्यायालयात मिळालेला हक्क कायदेमंडळात गेला.

युद्धोत्तर घसरण

युद्धानंतर पॅकार्डकडे पैसा होता आणि नाव होते. गाड्यांचा तुटवडा असल्याने मागणीही होती. १९४९ साली कंपनीने 'अल्ट्रामॅटिक' ही स्वयंचलित गिअर-यंत्रणा सादर केली. मोठ्या कंपन्यांच्या मदतीविना अशी यंत्रणा विकसित करणारी ती एकमेव स्वतंत्र अमेरिकी मोटार कंपनी होती. या यंत्रणेत ठरावीक वेगानंतर इंजिन आणि चाके यांची थेट जोडणी होई आणि द्रवचलित यंत्रणेत वाया जाणारी शक्ती वाचे. पुढे हीच कल्पना इंधन बचतीसाठी सर्वत्र रूढ झाली.

परंतु त्याच वर्षी कॅडिलॅकने हलके व शक्तिमान व्ही-आठ इंजिन आणले. पॅकार्ड १९५४ पर्यंत एका ओळीतील आठ सिलिंडरच्या जुन्या इंजिनावरच राहिली. १९४८ ची तिची फुगीर आकाराची गाडी चेष्टेचा विषय झाली. कमी किमतीच्या गाड्यांवर भर कायम राहिला आणि वरच्या थरातील ग्राहक कॅडिलॅककडे वळला. १९५० पासून विक्रीतही कॅडिलॅक पुढे गेली. १९३५ साली जे औषध होते, ते युद्धानंतरही चालू ठेवल्याने अपथ्य ठरले.

मे १९५२ मध्ये जेम्स नान्स अध्यक्ष झाले. महाग व स्वस्त गाड्यांची नावे वेगळी करण्याची गरज त्यांनी ओळखली आणि 'क्लिपर' हे नाव टप्प्याटप्प्याने स्वतंत्र केले. मात्र परिस्थिती त्यांच्या हातात राहिली नाही. १९४१ पासून पॅकार्डच्या बॉडी ब्रिग्ज कंपनी बनवत असे. १९५३ च्या अखेरीस क्रायस्लरने ब्रिग्जचा हा व्यवसाय विकत घेतला आणि पॅकार्डला आपल्या गाड्यांच्या बॉडी स्वतः बनवणे भाग पडले. त्यासाठी डेट्रॉइटच्याच कॉनर अव्हेन्यूवरील अपुऱ्या जागेत जुळणी हलवण्यात आली. त्याच वेळी फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यातील विक्रीयुद्धाने छोट्या कंपन्यांची कोंडी झाली होती. १ ऑक्टोबर १९५४ रोजी पॅकार्डने स्टुडबेकर कंपनी ताब्यात घेतली. स्टुडबेकरची आर्थिक अवस्था समजली होती त्यापेक्षा कितीतरी वाईट असल्याचे नंतर उघड झाले.

अशा संकटातही १९५५ ची पॅकार्ड तंत्रदृष्ट्या असामान्य होती. नव्या व्ही-आठ इंजिनासोबत विल्यम ॲलिसन यांची 'टॉर्शन-लेव्हल' रचना तिच्यात होती. नेहमीच्या कमानींऐवजी प्रत्येक बाजूच्या पुढच्या व मागच्या चाकाला जोडणारा लांब पोलादी गज पिळला जाऊन धक्का शोषून घेई. गाडीत माणसे किंवा सामान भरल्यावर सुमारे सात सेकंदांनी विजेची मोटर गाडीची पातळी पुन्हा सारखी करी. परंतु घाईने हलवलेल्या जुळणीमुळे गाड्यांत दोष राहिले आणि त्या ग्राहकांकडे वेळेवर पोहोचल्या नाहीत. 'ज्याच्याकडे ती आहे त्याला' विचारले असता मिळणारे उत्तर आता प्रतिकूल होते. १९५६ च्या गाड्यांचे उत्पादन तीस हजारांच्या खाली आले. नव्या नमुन्यांसाठी लागणारे कर्ज देण्यास वित्तसंस्था तयार झाल्या नाहीत. २५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधून शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्यानंतर दोन वर्षे साउथ बेंड येथे स्टुडबेकरच्याच गाड्यांवर पॅकार्डचे नाव लावले गेले आणि जुलै १९५८ मध्ये तेही थांबले.

अस्ताची मीमांसा

वरील विवेचनावरून पॅकार्डच्या अस्ताची तीन कारणे पुढे येतात. पहिले कारण प्रमाणाचे आहे. नव्या इंजिनाचा, गिअर-यंत्रणेचा किंवा साच्यांचा खर्च तीस हजार गाड्यांवर विभागला जातो की तीस लाखांवर, यावर त्या नवनिर्मितीचे आर्थिक भवितव्य ठरते. अल्ट्रामॅटिकचा संपूर्ण भार पॅकार्डवर पडला, कॅडिलॅकची स्वयंचलित यंत्रणा मात्र ओल्ड्समोबिलनेही वापरली. दुसरे कारण परावलंबनाचे आहे. बॉडीसारखा मूलभूत घटक बाहेरून घेण्याचा निर्णय सोयीचा वाटला, पण पुरवठादार स्पर्धकाच्या हाती जाताच तोच निर्णय घातक ठरला. तिसरे कारण काळाचे भान सुटण्याचे आहे. मंदीत घेतलेला योग्य निर्णय समृद्धीच्या काळात बदलणे गरजेचे होते. क्लिपर हे वेगळे नाव १९४६ साली पुढे आले असते तर त्याला अर्थ होता, १९५६ साली तो उरला नव्हता.

स्वस्त गाडीमुळे नाव बुडाले हे प्रचलित स्पष्टीकरण या तिन्हींतील केवळ शेवटच्या कारणाला आणि तेही अंशतः स्पर्श करते. प्रतिष्ठा हे भांडवल आहे, ही गोष्ट खरी. मात्र इतर भांडवलाप्रमाणे तेही वेळोवेळी नव्याने गुंतवावे लागते. पॅकार्डने ते १९३५ साली मोडले आणि त्यातून प्राण वाचवला. १९४५ नंतर ते पुन्हा जमवायचे राहून गेले.

निष्कर्ष

पॅकार्डचा इतिहास हा केवळ एका मोटार कंपनीचा इतिहास नाही. अभियांत्रिकी, स्थापत्य, व्यवस्थापनशास्त्र, कामगार कायदा आणि सामाजिक इतिहास या सर्व शाखांच्या अभ्यासकांना तीत विचारार्थ सामग्री मिळते. उत्तम अभियांत्रिकी ही औद्योगिक यशाची आवश्यक अट असली तरी ती पुरेशी अट नाही, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष होय. व्यवस्थापनाच्या वर्गात पॅकार्डचे उदाहरण देताना 'स्वस्त गाडी काढू नये' एवढाच धडा सांगितल्यास त्या कंपनीवर आणि विद्यार्थ्यांवरही अन्याय होईल. कोणता निर्णय कोणत्या परिस्थितीत घेतला गेला आणि ती परिस्थिती संपल्यावर त्याचा फेरविचार झाला की नाही, हे तपासणे अधिक उद्बोधक ठरेल.

ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील कारखाना बंद पडल्यानंतर अनेक दशके भग्नावस्थेत उभा होता आणि डेट्रॉइटच्या औद्योगिक ऱ्हासाचे प्रतीक म्हणून त्याची छायाचित्रे जगभर गेली. २०२२ साली तो पाडण्यास सुरुवात झाली व २०२४ च्या अखेरीस हे काम संपत आले. १८९९ साली वॉरनमध्ये बनलेली पहिली पॅकार्ड मात्र जेम्स पॅकार्ड यांच्या देणगीतून लीहाय विद्यापीठात उभ्या राहिलेल्या पॅकार्ड प्रयोगशाळेत जतन करण्यात आली आहे.